दुसऱ्या डिकॉक्शनची काशीयात्रा

माझ्या बहिणीचा नवरा लग्नाच्या सकाळी काशीला निघाला. यात काळजीचं काही नव्हतं. आमच्याकडे सगळ्यांचेच निघतात. कोरं धोतर, डोळ्यांत काजळ, एका हातात काठी, दुसऱ्यात ताडाचा पंखा, काखेत पोथी आणि खांद्यावर डाळतांदळाचं गाठोडं अशा थाटात नवरदेव जाहीर करतो, की मला संसार नको, मी चाललो संन्यास घ्यायला. मांडवाबाहेर चार पावलं टाकतो न टाकतो तोच मुलीचे वडील नारळ घेऊन आडवे येतात. "बाबा रे, काशीत काय ठेवलंय? माझी मुलगी कर आणि सुखानं राहा," असं म्हणतात. आणि तो इतक्या पटकन ऐकतो, की त्याच्या वैराग्याबद्दल शंका यावी. मग सगळे आत जातात, झोपाळ्यावरची गाणी म्हणतात, मंगळसूत्र बांधतात आणि जेवतात. माझे आजोबा असे गेले आणि आले. वडील, म्हणजे अप्पा, गेले आणि आले. आमच्या घराण्यात आजवर कोणीही काशी पाहिलेली नाही.

अखिलाअक्काच्या लग्नात फरक एवढाच झाला, की थांबवायला कोणी आलंच नाही.

कारण कॉफी.

पण कॉफीच्या आधी वेंकू सांगायला हवा. त्याचं खरं नाव वेइक्को. गाव फिनलंड. लग्नाच्या आठवड्यात त्याच्या सायकलचं चाक आमच्या दारासमोर बसलं. अम्मानं त्याला पाणी दिलं, मग कॉफी दिली, मग पान मांडलं, आणि संध्याकाळपर्यंत तो वेंकू होऊन ओसरीवर खोबरं किसत बसला होता. माणूस सहा फुटाच्या वर, दाढी गव्हाच्या रंगाची, आणि बोलणं इतकं बेताचं की आमच्या घरात ते आजारपण समजलं असतं. अप्पांनी त्याला एक धोतर दिलं. ते सुटू नये म्हणून त्यानं वरून सायकलचा पट्टा बांधला. लग्नाला आलेल्या एका आत्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून अम्माला विचारलं, "कुठल्या गोत्राचा गं?"

"फिनलंड," अम्मा म्हणाली.

"म्हणजे आपल्यातलं नाही. मग जमेल," आत्या म्हणाली. तिची मुलगी लग्नाची आहे.

आता अप्पा. अप्पा आमच्या कोरैयूर गावचे निवृत्त स्टेशनमास्तर. पुढच्या स्टेशननं लाईन मोकळी असल्याचं कळवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम त्यांनी नोकरीत पाळला आणि नंतर घरात आणला. आत्या तंजावरला जायला निघाली की अप्पा आधी तिच्या घरी फोन करायचे. "इथून निघायला तयार आहे. लाईन मोकळी?" तिकडून आत्याचे यजमान, "मोकळी आहे," म्हणाले की मगच आत्याला चपला मिळायच्या. एकदा ते अंघोळीला गेले होते, तर आत्या बॅग घेऊन पाऊण तास पायरीवर उभी होती.

असा माणूस. आणि त्याच्यासमोर मुलाकडचे सांबू मामा.

सांबू मामा म्हणजे नवरदेवाचे, पंचापकेशनचे, सख्खे मामा. नवरदेवाला सगळे पंचू म्हणतात. सत्तावीस वर्षांच्या संगणकवाल्याला पंचापकेशन अशी हाक कोणी मारली तर तो स्वतःच आजोबांना शोधायला लागतो. पंचूला वडील नाहीत, त्यामुळे मुलाकडचा सगळा मान सांबू मामांकडे जमा झाला होता आणि तो त्यांना पेलवत नव्हता. सकाळी मुलाकडच्यांना कॉफी गेली. मामांनी पितळी पेला उचलला, एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. नुसता ठेवला नाही. त्याचा आवाज होईल असा ठेवला.

"व्याही," मामा म्हणाले, "हे चूळ भरायला आहे का?"

"कॉफी आहे," अप्पा म्हणाले.

"कॉफी? की कॉफीच्या दारावरून गेलेलं पाणी?"

"पहिल्या डिकॉक्शनची आहे. पावडर मी स्वतः दळून आणलीय."

"व्याही, साठ वर्षं कॉफी पितोय मी. ही दुसऱ्या डिकॉक्शनची आहे."

एकदा वापरलेल्या पावडरीवर पुन्हा पाणी ओतून काढलेली कॉफी आमच्याकडे घरचे लोक पितात, तीसुद्धा पाहुणे गेल्यावर, दार लावून. व्याह्याला ती पाजण्यापेक्षा त्याच्या पानात केस निघालेला परवडतो.

"मी खोटं बोलतो?" अप्पा हळूच म्हणाले. अप्पा रागावले की आवाज खाली जातो.

"ते मी कसं सांगू? पण असली कॉफी पाजणाऱ्यांची मुलगी करण्यापेक्षा आमचा मुलगा खरोखर काशीला गेलेला बरा!"

अप्पांनी हात पाठीमागे बांधले. मग आयुष्यभर म्हणत आले तेच वाक्य म्हणाले.

"लाईन मोकळी आहे."

* * *

नवरदेवाच्या डोक्यावर छत्री धरायची ती मुलीच्या भावानं. मुलीचा भाऊ मी. म्हणून पंचू निघाला तेव्हा मी छत्री घेऊन निघालो. पुढे नादस्वरम ही लांब सनई वाजवणारा पक्किरी आणि त्याच्या जोडीचा ढोलकरी तवीलवाला, मागे सांबू मामा, आणि सगळ्यांत शेवटी सायकल हातात धरून वेंकू. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण चालणं हा एकच विषय त्याला येत असल्यामुळे तो आला.

चार पावलं झाली. पंचू सवयीनं मंदावला.

"चाल," मामा मागून म्हणाले.

"मामा, अखिलाचे अप्पा अजून आले नाहीत."

"येतील. न येऊन सांगतात कुणाला? चाल."

मी मागे पाहिलं. अप्पा मांडवाच्या पायरीवर हात पाठीमागे बांधून उभे होते. गाडी गेल्यावर फलाटावर उभे राहायचे तसेच. नारळ त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसवलेला होता.

इडलीच्या दुकानापाशी पोचलो. दुकानदार बाहेर आला.

"काय वैद्दी, आज लांब?" त्यानं मला विचारलं.

"काशीला."

"बरं. येताना गंगा आण," तो म्हणाला आणि आत गेला.

"वैद्दी," पंचू तोंड न हलवता म्हणाला, "मी मागे वळून बघू का?"

"वळायचं नाही!" मामांचे कान तिखट. "संन्यासी मागे बघतो का?"

"पण मामा, मी काही खरा संन्यासी नाही."

"ते आपल्याला माहीत आहे. त्यांना कळता कामा नये."

"मामा, राग नका मानू," मी म्हणालो, "पण साडेदहाला राहुकाळ लागतो. त्याच्या आत मंगळसूत्र बांधलं नाही तर आज लग्न नाही. आणि अप्पांनी पुन्हा मुहूर्त काढावा असं तुम्ही काही बोलून ठेवलेलं नाही."

"मग तुझ्या वडिलांना सांग ना, या म्हणावं!"

"मी छत्री सोडू?"

मामांनी यावर विचार केला. छत्री सोडणं बसत नव्हतं. मुलाला उन्हात उभं करणंही बसत नव्हतं. ते स्वतः जाऊन अप्पांना बोलावणार, तर मग कॉफी चांगली होती म्हटल्यासारखं झालं असतं. आणि पंचू आपण होऊन परत फिरला, तर जन्मभर ऐकावं लागलं असतं की तुमच्या मुलाला कोणी थांबवलंसुद्धा नाही, तोच धावत आला. मामांनी सगळ्या बाजूंनी पाहिलं. कुठल्याच बाजूला दार नव्हतं.

"चाल," ते म्हणाले. आवाज मात्र जरा कमी झाला होता.

आमच्या गावाला रस्ता एकच. एका टोकाला मांडव, दुसऱ्या टोकाला स्टेशन, मध्ये तळं, शाळा आणि एक बंद पडलेली भाताची गिरणी. शाळेपाशी पक्किरीनं पिपाणी तोंडातून काढली.

"तंबी, काशीयात्रेचं वाजवायचं संपलं. आमच्याकडे मांडवाच्या दारापर्यंतचंच असतं. आता काय वाजवू?"

"संन्यासाचं नाही काही?" मी विचारलं.

"लग्नाच्या सुपारीत संन्यासाचं कुठून आणू? देवाची पालखी निघते तेव्हाचं वाजवतो. चालेल?"

"चालेल," पंचू म्हणाला. त्याला नवी चप्पल चावत होती. मी मोठी बघून घेतली होती. त्याचे पाय त्याहून मोठे निघाले. अक्का त्याच्यासाठी कॉलेजपासून थांबली होती. दोघांनी दोन्ही घरांना पटवायला जो काळ घालवला त्यात वेंकू पृथ्वीला वळसा घालून आला असता. आणि आता तो माणूस फक्त आज्ञाधारक असल्यामुळे तिच्यापासून लांब लांब चालला होता.

वेंकू सायकल ढकलत आमच्या बरोबरीला आला. पंचूच्या पायांकडे त्यानं जाणकार नजरेनं पाहिलं.

"ही चप्पल काशीपर्यंत टिकणार नाही."

"मला माहीत आहे," पंचू म्हणाला.

"मी तिकडूनच आलो. पहिला आठवडा कठीण जातो. मग काही वाटत नाही." थोडं चालून तो म्हणाला, "ते वाईट आहे. काही वाटत नाही, ते."

वेंकूच्या मानानं हे भाषण होतं. आम्ही कोणीच लक्ष दिलं नाही, कारण समोर स्टेशन आलं होतं.

* * *

सध्याचा स्टेशनमास्तर दुरैकण्णू. अप्पांच्या हाताखाली शिकलेला. पालखीचं वाजवत, छत्रीखाली, काजळ घातलेला नवरदेव फलाटावर येताना पाहून तो खुर्चीतून उठला आणि टोपी घालून पुन्हा बसला.

"वैद्दी, हे काय?"

"काशीयात्रा."

"ती इथपर्यंत असते?"

"यंदा आहे."

"मग लवकर उरका. काशीची गाडी येतेय."

आमच्या स्टेशनवरून काशीची गाडी आठवड्यातून एकदाच जाते. कधी संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी ती वेळेवर आली. या सगळ्या हकिगतीत लोक विश्वास ठेवत नाहीत ते नेमकं एवढ्यावरच.

"वैद्दी," वेंकू म्हणाला, "याला थांबवायचं कोणी?"

"अप्पांनी."

"ते कुठे आहेत?"

"मांडवात. कॉफीवरून रुसलेत. मामा म्हणतात दुसऱ्या डिकॉक्शनची होती, अप्पा म्हणतात पहिल्या."

वेंकूनं सायकल उभी केली.

"कॉफी मी केली," तो म्हणाला.

"काय?"

"पहाटे आचारी झोपला होता. म्हणून मी केली. ती काळी, घट्ट होती ती मी बाजूला ठेवली. मला वाटलं ती जळलीय. पुन्हा पाणी घातलं, तेव्हा छान पातळ झाली. आमच्याकडे अशीच पितात. मुलाकडच्यांना दिली." तो थांबला. "खराब होती?"

मी त्याच्याकडे पाहिलं. सहा फुटांचा, निर्मळ मनाचा, आमच्या घरी जेवून माझ्या बहिणीचं लग्न मोडणारा माणूस. रागावणार कुठून?

"वेंकू, अप्पांना आण," मी म्हणालो. "हे जसंच्या तसं सांग आणि त्यांना आण."

त्यानं पट्टा घट्ट केला, टांग टाकली, आणि धोतर वाऱ्यावर फडफडवत तो अशा वेगानं गेला की गिरणीजवळची बदकं तळ्यात पळाली.

मांडवात काय झालं ते अम्मानं मला नंतर सांगितलं. अक्का नऊवारीत, गळ्यात हार घालून, रिकाम्या झोपाळ्याशेजारी उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवते. शांत असली म्हणजे वर्ग घाबरतो.

"अप्पा," ती म्हणत होती, "नारळ तुम्हाला जड होत असेल तर मी उचलते. मला सायकल येते."

"तो माणूस मला खोटारडा म्हणाला, अखिला."

"मामा म्हणाले. पंचू नाही म्हणाला. लग्न मी मामांशी करत नाहीये."

"त्यांचा मुलगा आहे. यायचं असेल तर येईल."

तेवढ्यात वेंकू आला. त्यानं कॉफीचं सांगितलं. अम्मा म्हणाली, आचारी तिथेच खाली बसला. पण अप्पा हलले नाहीत. म्हणजे, मी दिलेली पावडर ताजी होती हे तर खरंच ना, म्हणाले. म्हणजे मी खोटं बोललो नाही. मग मामांनी येऊन तसं सांगावं.

वेंकू अप्पांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "मी घरातून निघालो तेव्हा माझे वडील दारात उभे होते. भांडण झालं होतं. कशावरून ते आता आठवत नाही. त्यांचे हात खिशात होते. त्यांना वाटलं मी थांबेन. मला वाटलं ते थांबवतील. मी फाटकापाशी टायरमध्ये हवा भरली. हवा होतीच, तरी भरली. सहा वर्षं झाली."

अम्मा म्हणते, अप्पांनी तेव्हा पाठीमागे बांधलेले हात सोडले आणि ते आपले नाहीतच असं त्यांच्याकडे पाहिलं. मग नारळ न घेताच सायकलच्या कॅरिअरवर जाऊन बसले.

"चल," म्हणाले.

* * *

इकडे गाडी फलाटाला लागली होती. समोरच्या डब्याच्या दारात काशीला निघालेल्या म्हाताऱ्या उभ्या होत्या. कुठल्यातरी दक्षिणेकडच्या गावातला अख्खा भजनी मेळा. त्यांनी पंचूला पाहिलं. काठी, पोथी, गाठोडं, काजळ.

"अगं बाई, सामी!"

"लग्न टाकून आलाय गं! किती कोवळं वय!"

"वाजवीत आणलाय बघ गावानं. सरका, सरका, सामींना जागा द्या!"

"आज्जी, नाही, ऐका, मी..." पंचू म्हणाला. पण त्याचा एक हात एका आजीकडे गेला, गाठोडं दुसरीकडे गेलं, तिसरीनं पायांना हात लावला. कोणी पायांना हात लावला की ते पाय माणसाला मागे घेता येत नाहीत. तो वर चढला. त्याच्या डोक्यावर छत्री धरायची म्हणून मीही चढलो. छत्री दारातून येईना. मी ती मिटली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

"पंचू, उतर!" मामा खालून ओरडले.

"कोणी थांबवायला आल्याशिवाय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं मामांना उलट विचारलं होतं, आणि तेसुद्धा त्यांचंच ऐकून. त्याच्या हातात आजीनं दहीभाताचा डबा दिला होता आणि तो, आता सगळंच हातचं गेलंय अशा शांतपणे, खात होता.

"मी थांबवतो ना! मी मामा आहे तुझा!"

"तुम्ही मुलाकडचे. तुमचं थांबवणं चालत नाही," पंचू म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत, त्यांच्याकडचं कोणी यायला हवं."

मामांनी दुरैकण्णूकडे पाहिलं. "अहो मास्तर, गाडी थांबवा!"

"कारण काय लिहू?"

"कॉफी लिहा!"

शिट्टी झाली. गाडीला हिसका बसला. मामा फलाटावरून डब्याबरोबर चालू लागले, मग धावू लागले, एका हातात धोतराचा सोगा, आणि धावता धावता म्हणू लागले, "चांगली होती रे! कॉफी चांगली होती! घोटभर पातळ होती, पण चांगली होती!" पक्किरीला वाटलं हाच तो क्षण, त्यानं आणि तवीलवाल्यानं जोरात मंगळसूत्राच्या वेळचं वाजवायला सुरुवात केली.

तेव्हा मी पुढे पाहिलं. फलाट संपतो तिथे, रुळांच्या कडेला, इंजिनाच्या अगदी समोर दिसतील असे अप्पा उभे होते. शेजारी वेंकूची आडवी पडलेली सायकल. अप्पांनी दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ उंच केले होते. झेंडा नसेल तेव्हा गाडी थांबवायची ती खूण. लहानपणी मी आणि अक्का अंगणात आगगाडी आगगाडी खेळायचो, तेव्हा ते ऑफिसातून आल्यावर अशीच आमची गाडी थांबवायचे आणि खिशातून गोळ्या काढायचे.

गाडी थांबली.

अप्पा दारापाशी आले. धापा टाकत होते, सायकलवर नुसते बसून आले होते तरी. त्यांनी रिकामे हात पुढे केले, मग लक्षात आलं.

"नारळ," अप्पा म्हणाले.

वेंकूनं सायकलच्या पिशवीतून नारळ काढला. अम्मानं त्याला प्रवासासाठी दिलेला, सोललेला. शेंडी होती, तेवढं पुरे.

"जावईबापू," अप्पा म्हणाले. गाडीच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. "काशीत काय ठेवलंय? माझी मुलगी करा. उशीर झाला मला. परत या."

"करतो," पंचू म्हणाला. "केव्हाचं करतोच म्हणतोय."

मग त्या दहीभातवाल्या आजीनं कपाळाला हात लावला.

"म्हणजे हा येत नाही?"

"नाही, आज्जी."

"मग डबा दे इकडे."

मामा येऊन पोचले. त्यांना बोलायला श्वास नव्हता, ही देवाची कृपा. अप्पांनी त्यांना कॉफी कोणी केली ते सांगितलं. मामांनी वेंकूकडे पाहिलं, वेंकूनं नमस्कार केला. मामांच्या चेहऱ्यावर, सकाळपासून न सापडलेलं दार एकाएकी दिसल्यासारखं काहीतरी उजाडलं.

"याने केली? स्वतः? परदेशी पद्धतीनं?"

"हो."

"मग आधी सांगायचं ना, व्याही! परदेशी कॉफी आहे म्हणून! मला काय ठाऊक? मी आपला गावठी कॉफी समजून प्यायलो!"

गाडी गेली. दुरैकण्णूनं खोळंब्याचं कारण 'रुळालगत माजी स्टेशनमास्तर' असं कळवलं आणि वरून कोणीही काही विचारलं नाही.

दूधवाल्याच्या टेम्पोतून आम्ही मांडवात आलो. पंचू पुढे बसला, मी मागे कॅनांमध्ये उभा राहून पुढे वाकून छत्री धरली. अक्का झोपाळ्यापाशीच होती. तिनं पंचूला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दहीभात?" ती म्हणाली. त्याच्या ओठाला लागला होता.

"आजीनं दिला."

"माझ्यासाठी ठेवायचा होतास. पहाटेपासून उपाशी आहे मी."

मंगळसूत्र राहुकाळाच्या आत बांधलं गेलं. दुपारच्या पंगतीत सांबू मामा वेंकूच्या शेजारी बसले आणि आल्यागेल्याला सांगत राहिले, की यांच्याकडे सकाळी फिनलंडची कॉफी होती, सगळ्यांना नाही मिळाली, ठरावीक लोकांनाच दिली.

* * *

लग्नानंतर दोन दिवसांनी वेंकू निघाला. पुढे रामेश्वर, म्हणाला, मग बघू. त्यानं सायकल बाहेर काढली, सगळ्यांच्या पाया पडला, आत्याच्यासुद्धा, त्यामुळे आत्याच्या आशा पुन्हा पल्लवित झाल्या. फाटकापाशी जाऊन तो वाकला आणि टायरला पंप लावला.

मी अम्माकडे पाहिलं. टायर दगडासारखा घट्ट होता.

अप्पा ओसरीवरून उतरले, त्याच्या पुढे जाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

वेंकूचा पंप थांबला.

"वडिलांचा नंबर," अप्पा म्हणाले.

"ते उचलणार नाहीत."

"नंबर."

वेंकूनं सांगितला. अप्पांनी फोन लावला. तिकडे बराच वेळ घंटी वाजली. मग कोणीतरी उचलला, आणि काही बोललं नाही. यावरून आम्ही ओळखलं की नंबर बरोबर आहे.

अप्पांनी घसा साफ केला. बोलले ते इंग्रजीत, त्यांच्या रेल्वेच्या इंग्रजीत, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून. "कोरैयूरहून बोलतोय. तुमची गाडी इथे पोचली आहे. सुरक्षित. शेवटच्या डब्यासकट. तुमच्याकडे सोडायची झाली, तर लाईन मोकळी आहे का?"

पलीकडे काहीच नाही. अप्पा वाट बघत राहिले. वाट बघण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली होती. वेंकू पंपाच्या दांड्याकडे बघत होता. अम्मानं पदर तोंडाला लावला होता.

मग फोनमधून एकच शब्द आला. आमच्यापैकी कोणालाच कळला नाही. अप्पांनी वेंकूकडे पाहिलं.

"मोकळी," वेंकू म्हणाला. त्याचा आवाज पातळ झाला होता, त्या कॉफीसारखा.

"निरोप मिळाला," अप्पांनी फोनमध्ये सांगितलं, आणि ठेवला. मग त्यांनी वेंकूच्या हातातून सायकल घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"सिग्नल मिळालाय," ते म्हणाले. "पण आधी जेव. रिकामी गाडी मी सोडत नाही."

जेवणानंतर कॉफी झाली. ती अप्पांनी स्वतः केली, पहिल्या धारेची. वेंकूनं एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि हळूच विचारलं, यात थोडं पाणी मिळेल का.